चार नंबरची चिंच

जुनी झाडं बघायची तीन दिवसांची सहल मीच आखली होती. अठरा माणसं, एक मिनीबस, नगर जिल्ह्यातली अकरा झाडं. पहिला दिवस नेवाशाकडे, दुसरा श्रीगोंद्यात, तिसरा भंडारदऱ्याला. महिनाभर आधी मी एकटीने फिरून सगळी झाडं पाहून आले. ऐन वेळी घोळ नको म्हणून प्रत्येक खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकला. मालक भेटला तर विचारलं, नाही भेटला तर गावातून त्याचा फोन तेवढा घेतला आणि आकडा टाकून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काष्टीच्या पुढे बस थांबली. चार नंबरच्या चिंचेखाली नाश्ता ठरला होता. उतरून पाहते तर बांधावर गुडघाभर बुंधा. शेजारी ओंडके रचलेले, आणि एका ओंडक्यावर माझ्याच हातचा ४.

पलीकडच्या वावरात एक बाई कांदे काढत होत्या.

"मावशी, चिंच कधी तोडली?"

"आयतवारी."

"चांगली होती की. का तोडली?"

"आकडा पडल्ता ना तिच्यावर. रस्तावाल्यांनी वरल्या अंगाची समदी झाडं अशीच नेली. आदी आकडा, मंग करवत. मालक म्हनला, जानारच हाय तर लाकूड तरी आपल्या दारात पडू द्या."

आमच्यातले एक निवृत्त मास्तर हळूच म्हणाले, "बाई, तो आकडा आपला."

मावशींनी ते ऐकलं. विळा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुमचा? मंग हितं काय उभ्या ऱ्हायल्या? तिकडं वडालाबी टाकलाय न्हवं? त्या वडवाल्यांकडं आज करवतवाले येनार हायेत."

नाश्त्याचे डबे न उघडताच निघालो. वडाखाली ट्रॅक्टर उभा होता, दोन फांद्या खाली आल्या होत्या. म्हाताऱ्या मालकांना मी हात जोडून सगळं सांगितलं.

"म्हंजी तुमी सरकारी न्हाई?"

"नाही काका. आम्ही नुसती झाडं बघत फिरतो."

"बघायला नंबर कशाला लागतो? आमी म्हशी इकत घेतानाबी नंबर टाकीत न्हाई."

करवतवाले हसले. मला हसू आलं नाही. "आता पुसा," काका म्हणाले. रॉकेलने रंग निघेना. शेवटी त्यांच्याच विळ्याने मी सालीवरून तो खरवडला. पूर्ण जाईपर्यंत ते शेजारी उभे राहिले. मग करवतवाल्यांना म्हणाले, "जावा रं. आज न्हाई." ते 'आज' मला टोचलं.

बसमध्ये यादी काढून पुढच्या झाडांच्या मालकांना फोन लावायला घेतले. दोघांनी उचलला. तिसरा लावत होते, तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "आणि कालच्या तीन झाडांचं काय?"

काल त्या तिन्ही झाडांखाली, नंबर नीट दिसेल असे उभे राहून, आम्ही फोटो काढले होते. मी ड्रायव्हरला गाडी नेवाशाकडे वळवायला सांगितली.