घरातलं घरातच

२०२२ साल, मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण गवंडी म्हणून बांधलेली माझी एकही भिंत कुणी पाडायला लावली नाही. खंडेनवमीला माझ्या थापीला, ओळंब्याला हळदकुंकू वाहायची ती माझी बायको. ती गेली. यंदाच्या खंडेनवमीला पूजा झाली मुलाच्या काळ्या डब्याची. घरातले फोटो, फोनमधली, घड्याळातली सगळी माहिती त्या डब्यात राहते. बाहेरच्या कंपनीला काही द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. हट्ट माझाच उतरलाय, त्याचं मला कौतुकही होतं.

माझ्या मनगटावरही त्याने घड्याळ चढवलं होतं. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा लुकलुकायचा, कातडीतून आत डोकावल्यासारखा. त्या दुपारी मी दार लावून घेतलं, जुन्या थापीला एकट्यानेच कुंकू लावलं आणि रडलो.

जेवताना सून म्हणाली, “बाबा, दुपारी तुमच्या छातीचे ठोके एवढे का वाढलेले दिसतायत?”

मुलगा फोनमध्ये बघतच बोलला, “काळजी नको बाबा, कंपनीला नाही कळत. सगळं आपल्या घरातच राहतं.”

“अरे, कंपनी परवडली! ती ताटावर समोर बसून विचारत नाही.”

दोघं हसले. मी जन्मभर लोकांना भिंती बांधून दिल्या. माणूस दार लावतो ते काय फक्त चोरासाठी?

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच ते घड्याळ काढलं, कुंकू लागलेल्या डब्याच्या वायरीला करकचून बांधलं आणि उघड्या मनगटाने फिरायला गेलो.