भाचीची बिदाई आणि पालथा एक्सल

"अबे समोर घे ना, मागं कायले आणून राहिला?" भाऊजी ओरडत होते.

मी समोरच घेत होतो. पहिला गिअर, हलका क्लच, सगळं रीतसर. मागच्या सीटवर माझी भाची आणि तिचा नवरा, गळ्यात हार, आणि जीप मात्र ढुंगणाकडून मांडवात शिरत होती. वरणाचा गंज आडवा झाला. घाबरून मी फोर-व्हीलचा दांडा ओढला. झालं, पुढची चाकं पवनीच्या रस्त्याकडे निघाली आणि मागची चुलाण्याकडे. अंगात आल्यासारखी जीप जागच्या जागी थरथरली, आणि इंजिन बंद.

जीप भाचीच्या आज्याची, म्हणजे भाऊजींच्या वडलांची. लहानपणी तिला मांडीवर घेऊन तो धानाच्या बांध्यांपर्यंत जायचा आणि म्हणायचा, तुले याच गाडीत सासरी पाठवीन. आजा गेला, इंजिन जाम झालं, सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. भाचीने मात्र आज्याचा शब्द धरून ठेवला. मग मी छाती ठोकली. मामा मेला का?

नागपूरच्या कबाड्याकडून एका मोडक्या पिकअपचं डिझेल इंजिन आणलं. भंडाऱ्यात माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पार इकडे भाऊजींच्या आसगावच्या तलावावरचे बगळे उडाले म्हणतात. (मीच म्हणतो.) एवढ्या ताकदीपुढे मागचा जुना एक्सल टिकला नसता, म्हणून जाडजूड एक्सल शोधला. त्याचा मधला गिअरचा गोळा डावीकडे, आपल्या जीपला पाहिजे उजवीकडे. मी काय केलं, अख्खा एक्सलच पालथा केला. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागा वरून कापल्या, खाली वेल्ड केल्या. असा चपखल बसला की मीच माझी पाठ थोपटली. पालथ्या एक्सलवर चाकंही उलटी फिरतात, हे डोक्यात आलंच नाही. आता गाडीला मागं जायला तीन गिअर होते आणि समोर जायला एक.

चालवली असती तर कळलं असतं. हळदीच्या दिवशी भाऊजींनी विचारलं होतं, "चालवून पाह्यली ना बाबू?"

"नागपूरले जाऊन आलो भाऊजी. वाटेत वाघानं साइड देल्ली."

सगळे हसले. त्या भरवशावर भाऊजींनी वरपक्षाला फोन करून सजवलेली कार आणू नका म्हणून सांगितलं. आणि जीप तर आसगावात आली होती ट्रॅक्टरमागे दोर बांधून, गाव उठायच्या आत.

मांडवात लोक सांडलेल्या वरणातून पाय उचलत होते. मला गप्प राहणं जमत नाही. "उलटीच नेतो," मी म्हणालो, "नवरीले माहेर दिसत राहीन." एरवी माझ्या तोंडून 'पाणी आण' निघालं तरी लोक हसतात. त्या दिवशी जावईसुद्धा हसला नाही.

भाची उतरली. शालूवरचं वरण पुसलं, बॉनेटवर क्षणभर हात ठेवला आणि वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसली. माझ्या पाया पडायचं राहिलं. मीही समोर गेलो नाही.

बस गेली तेव्हा मी जीपखाली होतो. काही तपासत नव्हतो, नुसता पडलो होतो. मांडव रिकामा होईपर्यंत तिथून निघायची हिंमत नव्हती. मग भाऊजींचे पाय दिसले.

"भाऊजी," मी खालूनच म्हणालो, "एक्सल सीधा करून देतो. मग तिले घ्यायले याच गाडीनं जाऊ."

पाय तिथेच होते.

"वरण सांडलं," ते म्हणाले. "भात आहे. जेवून घे."