भिंगताईचे एकाहत्तर पूर्णांक चार

अजूनही खरं वाटत नाही. म्हणून घडलं तसं लिहून काढते.

आमच्या चष्म्याच्या दुकानात दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत आरसे, फ्रेमा आणि मी. मागच्या खोलीत घासायचं चाक, पाण्याची बारीक धार आणि भिंगताई. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं. गिऱ्हाइकाने फ्रेम निवडली की मी काच मागे देते. ताई ती चाकावर धरते आणि फ्रेमच्या मापाची करून पाठवते. काच चाकाला लागली की दात शिवशिवतात असा आवाज होतो. ताईला तो आता ऐकूच येत नाही.

ताई चाळिशीच्या पुढची. लग्न लवकर झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. पुढे लेकीचा अभ्यास घेता घेता तिने स्वतःच बाहेरून बारावी दिली. एकाहत्तर पूर्णांक चार टक्के पडले. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ : विद्यापीठात फिजिक्स शिकायचं.

"आयुष्यभर काच घासली," ती म्हणायची. "पण उजेड काचेत शिरला की वाकतो का, ते कोणी सांगेना. मालकांना विचारलं तर म्हणाले, वाकेना का, तू सरळ घास."

अडचण कट-ऑफची होती.

मला कट-ऑफचा अनुभव नाही. मी साहित्याची पदवीधर. म्हणून मालक मला पंडित म्हणतात. वर म्हणतात, तुमच्या विभागाचा शिपाई रस्त्यावर उभा राहून मुलांना हाका मारत असेल. अगदीच खोटं नाही. फिजिक्सचं तसं नव्हतं.

पहिल्या वर्षी ताईने फॉर्मच भरला नाही. आदल्या वर्षीचा कट-ऑफ चौऱ्याहत्तर होता. कशाला हसं करून घ्यायचं? त्या वर्षी तो नेमका एकोणसत्तरवर आला. ताई आठवडाभर हळहळली. पुढच्या वर्षी तिने एकोणसत्तर बघून हुरुपाने फॉर्म भरला. पण तो आकडा सगळ्या गावाने बघितला होता. सगळ्यांनीच भरला. कट-ऑफ गेला शहात्तरवर. तिचे मार्क बिचारे जागच्या जागी. रेघच त्यांच्या डोक्यावरून उड्या मारत होती.

यंदा ती म्हणाली, "शहात्तर! जाऊ दे. सोड विषय."

तेव्हा तिचा नवरा घरी विसरलेला डबा घेऊन दुकानात आला होता. तो शहर बसचा ड्रायव्हर. आमच्या दारासमोरच त्याचा स्टॉप.

"तू स्टॉपवरच्या लोकांसारखंच करतेस," तो म्हणाला.

"अहो, म्हणजे काय?"

"एक गाडी खच्चून भरून येते. लोक तोंड वाकडं करून चालत सुटतात. तिच्या मागून मी येतो, गाडी अर्धी रिकामी. स्टॉपवर चिटपाखरू नाही. मग लोकांना कळतं, मागची रिकामी असते. दुसऱ्या दिवशी सगळे मागचीसाठी थांबतात. ती भरते."

"मग मी कोणती धरू?"

"ते मला काय माहीत? मी नुसता चालवतो. तू स्टॉप सोडू नकोस म्हणजे झालं."

मालक ओरडले, "ड्रायव्हरसाहेब, बस रस्त्यावर ठेवा. दुकानात आणू नका."

ताईने फॉर्म भरला.

यंदा विद्यापीठाने कॉम्प्युटरचा एक नवा विषय सुरू केला होता. मुलांची तिकडे झुंबड उडाली. फिजिक्सची पहिली यादी चौऱ्याहत्तरला थांबली. मग एकेकाला नव्या विषयात जागा मिळत गेली आणि तो इथली सोडत गेला. दुसरी यादी बहात्तर पूर्णांक सहाला थांबली. ताई काच घासता घासता पुटपुटायची, "सोडा रे बाळांनो, सोडा. कॉम्प्युटरला फार मान आहे."

तिसरी यादी शेवटची. ती दुपारी लागणार होती. नाव आलं तर पाचच्या आत कागद घेऊन हजर राहायचं. नाहीतर जागा गेली. ताईने सकाळीच कागदांची पिशवी खुंटीला अडकवली होती. तिच्याकडे बघत मात्र नव्हती.

दुकानात एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांची काच फुटली होती. नवी काच ताईच्या हातात होती. मी फोन घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी.

"उघडलं का गं?"

"फिरतंय."

"काय?"

"गोल."

"माझंही डोकंच फिरतंय."

पान उघडलं. मी आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"एकाहत्तर पूर्णांक चार!" मी किंचाळले.

चाक थांबलं.

"म्हणजे मला किती कमी पडले?"

"कमी नाहीत गं!"

"मग माझ्याएवढेच कोणाला पडलेत?"

"कोणालाच नाही! अगं, हा आकडा आधी कोणी ठरवत नाही. शेवटच्या जागेवर जो बसतो, त्याचे मार्क म्हणजे कट-ऑफ. यादीतलं शेवटचं नाव तुझं आहे. यंदाचा कट-ऑफ तू आहेस!"

ताई स्टुलावर बसली. उठली. पुन्हा बसली.

"काय झालं? कोण पास झालं?" मास्तर बाहेरून विचारत होते. "मला काही दिसत नाही हो."

"बसलीस काय!" मालक ओरडले. "पळ! आणि पंडित, तुम्हीही पळा. ही रस्ता चुकेल."

आम्ही पळालो. समोर बस येत होती. ताईला तिची वेळ पाठ होती. चालवणारा घरचाच.

"लागलं!" ती पायरीवरूनच ओरडली. "अहो, लागलं!"

त्याने आरशात बघितलं. कान लाल झाले. मग तो म्हणाला, "तिकीट काढ."

पुढचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. तो प्रत्येक स्टॉपवर थांबला. सिग्नल पिवळा झाला तरी थांबला.

"अहो, जरा दाबा की!"

"गाडी नियमाने चालते. बायको असो नाहीतर महाराणी."

एक आजी सावकाश चढत होत्या. ताईने त्यांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. पेन्शन आणायला निघालेले एक काका म्हणाले, "बाई, घाई कसली?" ताई म्हणाली, "कॉलेजला उशीर होतोय!" सगळी बस हसली. मग कोणीतरी खरं काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि पुढच्या स्टॉपवर उतरणारे लोक आधीच दाराशी जाऊन उभे राहिले. स्टॉप आला की पटापट उड्या टाकत होते. विद्यापीठाशी आम्ही उतरलो तेव्हा त्याने हॉर्न वाजवला. लांबलचक. तो नियमात नसावा.

खिडकीतला कारकून वर न बघताच म्हणाला, "मुलीला पुढे करा. पालकांची सही नंतर."

"मीच मुलगी," ताई म्हणाली.

त्याने वर बघितलं. कागद बघितले. मग उभा राहून शिक्का मारला. इतर शिक्के तो बसूनच मारत होता.

बाहेर फळ्यासमोर एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती. तोंड पडलेलं. एकाहत्तर पूर्णांक दोन, ती म्हणत होती. काठावर गेलं. वडील फळ्यावरच्या आकड्याकडे असे बघत होते, जणू तो कोणा मोठ्या माणसाने खिळा ठोकून बसवला आहे.

ताई थबकली. तिचं हसू मावळलं. मग ती मुलीजवळ गेली.

"बाळ, त्या आकड्याला भिऊ नकोस. तो मीच आहे."

मुलीने फळ्याकडे बघितलं. मग ताईकडे. ओला ॲप्रन, बोटांना काचेची भुकटी.

"तुम्ही?"

"मी. पुढच्या वर्षी तिथे दुसरं कोणी असेल. वर असेल नाहीतर खाली, मला काय ठाऊक? तू मात्र फॉर्म भर. मी एक वर्ष भरला नाही, आणि त्याच वर्षी गाडी रिकामी गेली."

कोणती गाडी, हे मुलीला कळलं नसणार. पण ती जरा हसली.

ताईने डोळे पुसायला ॲप्रनच्या खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर मास्तरांची काच बाहेर आली. मी ती हवेतच झेलली.

"अगं बाई!" ताई ओरडली. "मास्तर तिकडे आंधळे बसलेत!"

आणि यंदाचा कट-ऑफ पिशवी सावरत स्टॉपकडे धावत सुटला.