नागेशरावांसाठी हेडफोन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसायला लागलात तर मी लाजून थांबेन आणि किस्सा अर्धाच राहील. तर, मी एका भल्या माणसाला हेडफोन निवडून द्यायला गेलो आणि स्वतःची अब्रू दुकानाच्या काउंटरवर ठेवून आलो.

आम्ही मूळचे पुण्याचे. माझ्या नोकरीपायी म्हैसूरला आलो आणि तिथल्या बोगादी भागात घर भाड्याने घेतलं. खाली आम्ही, म्हणजे मी, बायको मृदुला आणि दुसरीतली सई. वरच्या मजल्यावर घरमालक नागेशराव. वय पंच्याहत्तरच्या आसपास, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा परदेशात. माणूस एकदम शांत आणि नीटनेटका. माणूस शांत हो, घर नाही!

पहाटे पाचला रेडिओ. सातला टीव्हीवर कन्नड बातम्या. अकरापासून मालिका. आवाज केवढा? माझं काम घरून चालतं. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी बोलत असताना वरच्या मालिकेतली सासू इतकी ढसाढसा रडली, की पलीकडच्या साहेबाने मला विचारलं, "तुमच्याकडे काही वाईट झालंय का? सुट्टी हवी असेल तर घ्या."

यावरून मी दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. एक, नागेशराव ठार बहिरे आहेत. दोन, ते कन्नड आहेत. आमच्याशी ते हिंदीत बोलायचे, नाहीतर इंग्रजीत. कमी बोलायचे आणि जास्त हसायचे. त्यामुळे मराठी ही आमची घरातली गुप्त भाषा झाली होती. ते समोरून जिना उतरत असले तरी मी खुशाल मृदुलाला म्हणायचो, "आला बघ लाउडस्पीकर."

ठार बहिरा, त्यातून कन्नड. घाबरायचं कशाला?

तेवढ्यात अकरा महिन्यांचा करार संपत आला. नागेशराव म्हणाले, "भाचा घर पाहिजे म्हणतोय. बघू या." मृदुलाची झोप उडाली. सईची शाळा गल्लीच्या तोंडाशी, मृदुलाचं ऑफिस दहा मिनिटांवर. असं घर पुन्हा मिळायचं नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

"त्यांच्याशी गोड राहा," ती म्हणाली. "आणि तोंड सांभाळ."

गोड राहायचं, पण कसं? मग मला ती कल्पना सुचली. मी स्वतःवरच इतका खूश झालो की विचारू नका. नागेशरावांना हेडफोन घ्यायला लावायचे! त्यांची सेवा होईल आणि आपल्या डोक्याचा ताप जाईल.

मी तीन दिवस इंटरनेटवर हेडफोनचा अभ्यास केला. मग वर जाऊन, त्यांच्याकडची फिल्टर कॉफी पीत पीत, त्यांना बेस, ट्रेबल आणि साउंडस्टेज यांवर व्याख्यान दिलं. साउंडस्टेज म्हणजे काय ते मला अजूनही माहीत नाही, पण शब्द भारदस्त आहे. नागेशराव मान डोलावत ऐकत होते.

"एवढं तुम्हाला कळतंय, तर तुम्हीच निवडून द्या," ते हिंदीत म्हणाले. "बजेट पाच हजार. आय्तु."

आय्तु म्हणजे झालं, ठरलं. शनिवारी सकाळी सईला मैत्रिणीकडे सोडून आम्ही तिघं अर्स रोडवरच्या एका दुकानात गेलो.

दुकानातल्या बाई हुशार होत्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी माल दाखवलाच नाही. नागेशरावांना खुर्ची दिली आणि कन्नडमध्ये विचारलं, "सर, तुम्ही ऐकता काय जास्त?"

एवढं कन्नड मला कळतं. नागेशराव जरा विचारात पडले.

"गाणं कमी," ते म्हणाले. "माणसांचं बोलणं जास्त."

बातम्या, मी मनात म्हटलं.

बाईंनी एक हलका जोड काढला. चार हजारांचा. बोलणं यात स्वच्छ ऐकू येतं, कानावर भार नाही आणि दारावरची बेलही कळते. एकट्या माणसाला हेच बरे, असं त्यांचं म्हणणं. माणसाची आवड आणि खिसा, दोन्ही पाहून त्या बोलत होत्या. मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मी तज्ज्ञ! शिवाय या हलक्या जोडाचा आवाज बाहेर झिरपतो, हे मी वाचलं होतं. मला झिरपणारं काही नकोच होतं.

"छे छे," मी म्हणालो. "सरांना ते नॉइज कॅन्सलिंगवाले दाखवा. मोठे. कान पूर्ण झाकणारे."

"ते चौदा हजारांचे आहेत, सर."

"असू देत. साउंडस्टेज बघायला नको का?"

बाईंनी मुकाट्याने ते काढून दिले. मी आधी स्वतःच कानांवर चढवले आणि त्यांनी बटण दाबलं. काय सांगू! दुकान, रस्ता, रिक्षा, सगळं गायब. नुसतं कुठलंसं वाजणारं व्हायोलिन आणि मी. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच एवढी शांतता मिळाली होती.

मृदुलाने हाताने खूण केली, कसे आहेत? मी तिला मराठीत सांगितलं. हळू आवाजात. म्हणजे मला वाटलं, हळू आवाजात.

नंतर मृदुलाकडून जे समजलं त्याप्रमाणे मी ओरडलो ते असं:

"झकास! म्हातारा एकदा यात अडकला ना, की आपण सुटलो! आवाज कसा आहे विचारतेस? मला काय डोंबल कळतंय त्यातलं? दोन हजारांचे आणि वीस हजारांचे मला सारखेच वाटतात! पण बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हेच घ्यायचे! वरचे पैसे मी घालीन! पहाटे पाचला तो रेडिओ, दुपारी त्या रडक्या बाया! ठार बहिरा माणूस आहे, त्याला काय फरक पडतोय! तू फक्त हसत राहा! करार होईपर्यंत हसत राहा!"

मृदुला हसत नव्हती. ती दोन्ही हात खाली खाली करत होती. मला वाटलं, पैसे जास्त होतायत म्हणतेय.

"अगं, पैशांचं बघू नंतर!" मी म्हणालो. हेही ओरडूनच.

शेवटी तिने पुढे होऊन माझ्या कानांवरून ते ओढून काढले. दुकान परत आलं, पण सगळं गप्प. पलीकडे मोबाईलचं कव्हर बघणारं एक कुटुंब माझ्याकडे टक लावून बघत होतं. मराठी त्यांना समजली नसेल, त्यामुळे माझ्या ओरडण्याचं कारण त्यांना कळेना. बाई बिलाच्या पुस्तकाची पानं उगाच उलटत होत्या.

मला वाटलं, आवाजच चढला ना? चढेना का. समजलं कुणाला?

नागेशराव खुर्चीतून उठले. नेहमीसारखेच हसत. त्यांनी हेडफोन घेतले, कानांवर लावले, मिनिटभर डोळे मिटून ऐकलं, काढले आणि काउंटरवर ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"चांगलं आहे की. पण हे घातलं तर तुमचं भांडण मला कसं ऐकू येणार?"

मराठीत.

मित्रहो, माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती फरशीची असली तरी सरकते. मृदुलाने "अगं आई गं" म्हणून तोंडावर हात धरला. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "तुम्हाला मराठी येतं?" एवढ्या सगळ्यानंतर हा प्रश्न!

"आमचं घर मराठीच की," नागेशराव म्हणाले. "आमचे मुत्तात, म्हणजे पणजोबा, म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी, बाहेर कन्नड."

"मग वर्षभरात बोलला का नाहीत, अंकल?" मृदुलाने विचारलं.

"तुम्ही पुण्याचे, अम्मा. आमच्या मराठीत अर्धी कन्नड. तुम्ही हसाल म्हणून सुम्ने, गप्पच राहिलो. बायको होती तेव्हा ती बोलायची माझ्याशी. ती गेली, आता बोलायला कोणी नाही. घर रिकामं वाटू नये म्हणून टीव्ही मोठा ठेवतो. कान चांगले आहेत माझे. तुम्ही दोघं खाली बोलायला लागलात की मी टीव्ही बारीक करून ऐकत बसतो."

मला मनापासून लाज वाटली. आवाज चढल्याची नव्हे, त्या माणसाला मी अकरा महिने लाउडस्पीकर म्हणत होतो त्याची. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात हलवला. "बेडा, बेडा." नको, नको.

हेडफोन शेवटी बाईंनी आधी दाखवलेलेच घेतले, चार हजारांचे. बोलणं स्वच्छ, बेलही ऐकू येते आणि नागेशरावांच्या हिशेबाने खालचं सगळं ऐकू येतं. पहाटेचा रेडिओ त्यातून ऐकीन, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी पुन्हा साउंडस्टेजचं नाव काढलं नाही.

बाहेर पडून कोपऱ्यावर कॉफी प्यायला बसलो. मृदुला आणि ते मराठीत गप्पा मारत होते. त्यांच्या पत्नीची पिठल्याची रीत काय होती, इथपर्यंत गप्पा पोचल्या. त्यांचं मराठी ऐकून कुणी हसलं नाही. हसण्याच्या लायकीचं त्या टेबलावर दुसरंच कोणी होतं. मी मात्र मनातल्या मनात सामान बांधत होतो. घर गेलं. भाचा येणार. सईची शाळा, मृदुलाचं ऑफिस, सगळं माझ्या तोंडाने घालवलं.

न राहवून मी विचारलं, "सर, ते कराराचं...?"

"करू की," नागेशराव म्हणाले. "भाच्याला दुसरीकडे बघायला सांगतो."

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिशातून आधारकार्ड काढलं, नावनिशी लिहून घ्या म्हणून.

"तुमचं नको," ते शांतपणे म्हणाले. "या वेळी करार अम्मांच्या नावाने करणार. अकरा महिने सगळी भांडणं ऐकली आहेत मी. दर वेळी चूक तुमचीच होती."

सोमवारी करार झाला. माझीही सही आहे त्यावर. साक्षीदार म्हणून.