आजोबांनी गाडी बंद केली

आईने घरापुढच्या खळ्यात पोह्यांचे पापड वाळत घातले होते आणि आजोबा त्यांच्यावरून सरळ चालत गेले. चुकून एखाद्या पापडावर पाय पडला असं नव्हे. डाव्या पायाने अख्खी एक ओळ मोडत ते फाटकापर्यंत पोचले, कडी लावली आणि निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. आई पडवीत उभी होती. ती ओरडली नाही, आणि त्यावरूनच मी ओळखलं की तिच्या मनात काहीतरी पक्कं झालंय.

आजोबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. जन्मभर विमानं चालवून ते निवृत्त झाले होते. आजी गेलेली, बाबा नोकरीसाठी मुंबईत. रत्नागिरीत गावाबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर, आजोबांनी बांधलेल्या चिऱ्याच्या घरात आम्ही तिघंच राहायचो: आजोबा, शाळेत शिकवणारी माझी आई आणि मी. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्या ओळखीत विमानात बसलेलं माणूसही विरळा, मग चालवणारा कुठला? लोकांना त्यांचं कौतुक होतं, आणि संशयही. परदेशी बाटल्या कपाटात असणारच, असं सगळे धरून चालायचे. शेजारचे काका येऊन उगाच खाकरत बसायचे. आजोबा त्यांना सोलकढी द्यायचे.

संशय तर खुद्द आजोबांच्या रक्तातच होता. मला गाडीतून शाळेत सोडायला निघाले की आधी गाडीभोवती एक फेरी. चाकांना लाथ, ब्रेक दाबून बघणं, दार लावल्यावर पुन्हा ओढून बघणं. "कालच तर बघितलंत," मी कुरकुरायचे.

"काल बघितलं ते कालचं. यंत्रावर विश्वास नाही ठेवायचा, आणि चालवणाऱ्यावर तर मुळीच नाही."

मग आदल्या श्रावणात एके दिवशी त्यांनी गाडी बंद केली. बॅटरी उतरली म्हणाले. पुढे म्हणाले, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे. गाडी मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, ताडपत्रीखाली गेली आणि आम्ही पायी शाळेत जाऊ लागलो. मला तर ते फारच आवडलं. वाटेत करवंदं, चिंचा, आणि आजोबांच्या गोष्टी. फक्त एक नियम होता: मी त्यांच्या डाव्या हातालाच चालायचं आणि समोरून काय काय येतंय ते मोठ्याने सांगायचं. मला तो खेळ वाटायचा. "डावीकडून म्हैस!" मी ओरडायचे. "म्हैस, समजलं," आजोबा गंभीरपणे उत्तर द्यायचे.

आईला मात्र चैन पडेना. तिने परस्पर मेकॅनिकला बोलावून गाडी दाखवली. तो बॉनेट आपटून म्हणाला, "गाडीला काय धाड भरलीय, बाई? हिला नुसतं चालवायला माणूस पाहिजे."

मग एका संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आजोबांच्या तोंडाला वास येतो का गं?"

"येतो की. बडीशेपेचा."

आईचा चेहरा उतरला. बडीशेप माणूस कशासाठी चघळतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जेवताना त्यांच्या हाताने पेला उलथायचा, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, आणि आई माझ्याकडे बघायची. त्यातच तिच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की तुमचे सासरे वाटेवरच्या पाली गावात कोल्हापूरहून आलेल्या एस.टी.तून उतरताना दिसले. त्या दिवशी ते मित्राच्या कलमांच्या बागेत जातो म्हणून बाहेर पडले होते. "पालीत आपलं कोण आहे?" आईने मला विचारलं. मला कुठून ठाऊक असणार! पण त्या दिवसापासून मीही आजोबांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. गोष्ट सांगता सांगता ते थांबले की वाटायचं, आता हे काहीतरी लपवताहेत.

पापड मोडले त्याच आठवड्यात बाबा शिमग्याला आले. पालखी घरी येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबा नुसतेच पेपर चाळत बसले. विषय त्यांनी काढायचा असं ठरलं होतं. शेवटी आईच पुढे झाली.

"मामंजी, एक विचारू? तुम्ही पिता का?"

आजोबा मोठ्याने हसले. आम्ही कोणीच हसलो नाही, तसे तेही थांबले.

"नाही, सूनबाई. मला दिसत नाही."

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"डाव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही. उजव्याचंही कडेकडेचं जायला लागलंय. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं, असं कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात."

मग त्यांनी श्रावणातली हकीकत सांगितली. मला शाळेतून आणताना डावीकडून एक सायकलवाला आला. त्यांना तो दिसलाच नाही. त्याने बॉनेटवर हात आपटून शिवी हासडली तेव्हा कुठे कळलं. मला ते आठवतं, पण फक्त ती शिवी आठवते. आजोबांनी गाडी घरी आणली आणि त्यानंतर किल्लीला हात लावला नाही.

"आणि पाली?" आईने विचारलं. ती अजून ताठच होती.

"परतताना पालीला उतरायचो. चहा घ्यायचो. घरी काय थाप मारायची ते ठरवायचो आणि पुढची गाडी धरायचो. बडीशेप घाटात मळमळतं म्हणून."

"पण आम्हाला का नाही सांगितलंत?" बाबांचा आवाज चढला.

आजोबांनी माझ्या दिशेने हात केला. "सांगितलं असतं तर हिला माझ्याबरोबर शाळेत पाठवलं असतंत?"

बाबा काहीतरी गोड बोलणार होते. त्याआधीच आई म्हणाली, "नसतं पाठवलं."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "मीही नसतं पाठवलं." आणि ते उठून आत गेले. जाताना चौकट हाताने चाचपली. ती चाचपणी आता त्यांनी लपवली नाही.

शिमग्याचा बाकीचा सण आमच्या घरी मुकाच गेला. मला आईबरोबर शाळेत जावं लागलं. आजोबा फाटकापर्यंत येत आणि तिथेच उभे राहत. आई हे रोज बघत होती. बाबा मुंबईला परतल्यावर एका रविवारी तिने मांगराचं दार उघडलं, ताडपत्री ओढली आणि आजोबांसमोर किल्ली धरली.

"मला शिकवा."

सड्यावर मैलभर मोकळा कातळ. तिथे आजोबा आईच्या डाव्या बाजूला बसून नुसत्या कानाने शिकवायचे. "इंजिन रडतंय, गिअर बदल." "क्लच इतक्या घाईने सोडायचा नाही." "आरशावर विश्वास नको, मान वळव." आई घामाघूम व्हायची. एकदा चिडून म्हणाली, "तुमचा माझ्यावर जराही विश्वास नाही!"

"नाहीच. माझा माझ्यावरही नव्हता, म्हणून इतकी वर्षं धड उतरलो."

पावसाळ्याआधी आईने पहिल्यांदा बाजारातून गाडी नेली तेव्हा दुकानदार फळीवरून उठून बघू लागले. पुढे दर काही महिन्यांनी आम्ही तिघं आंबा घाटातून कोल्हापूरला तपासणीला जायचो. उजवा डोळा बरीच वर्षं टिकला, आणि मला पायी नेण्या-आणण्याला आईने पुन्हा हो म्हटलं. मी मोठ्या शाळेत गेले तरी आजोबा मला न्यायला चालत यायचे. मैत्रिणींसमोर मला लाज वाटायची, पण त्यांचा हात मी सोडला नाही.

दशक संपता संपता, मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवून पडवीतल्या आरामखुर्चीत बसले असताना आजोबा गेले. निरोप मिळताच बाबा मिळेल त्या गाडीने निघाले. पहाटे आई आणि मी गाडी घेऊन त्यांना आणायला स्टँडवर गेलो. बाबा एस.टी.तून उतरले आणि सवयीने आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. 

"तुम्ही त्या बाजूला बसा," आई म्हणाली. "मी चालवते."

ते बसले आणि रस्ताभर लहान मुलासारखे रडत राहिले. आईने रस्त्यावरची नजर काढली नाही.