गुराबीचे काळे मणी

ह्यांची बोटं इतकी हळुवार असू शकतात, हे मला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही माझ्यामुळे नाही. जेवणाच्या टेबलावर हे जुन्या आरमारातल्या गुराबीची, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाची, हातभर लांब प्रतिकृती बांधतायत. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, आता दोर चढवणं चाललंय. दोरा मेणातून ओढायचा, चिमट्याने गाठ मारायची आणि मान तिरकी करून बघत राहायचं. असं माझ्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. टेबलावर ती असते.

"अगं, पंखा बंद कर, शिडं हलतायत!" मी घामाघूम झालेली दिसत नाही, शीड हललेलं दिसतं.

एखादी बाई असती तर भांडता तरी आलं असतं. लाकडाशी काय भांडणार? तिच्यात दोष दिसला की हे तो हसत दुरुस्त करतात. माझे नुसते दाखवतात.

काल म्हणाले, "तुझं मंगळसूत्र गाठवलं तेव्हा उरलेले काळे मणी कुठेत गं? दोर ताणून बांधायला अगदी तेवढेच बारीक हवेत." मी डबी काढून दिली.

आज सकाळी हे दूध आणायला गेले तेव्हा मी टेबलापाशी गेले. सगळे मणी तिच्या दोरांत ओवलेले होते. उन्हात चमकत होते. खोटं कशाला बोलू, शोभत होते तिला.

मी पंखा पाचावर केला. शिडं टम्म फुगली. पण मेली जागची हलली नाही.