आतड्यांसकट बाहुलं

रॉटरडॅमच्या ऑफिसात आमचा टीम लीड भलताच प्रामाणिक होता. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. मी डबा उघडला की म्हणायचा, "वास येतोय." पाऊस पडत असला की खिडकीपाशी उभं राहून पाऊस पडतोय हे सगळ्यांना सांगायचा. वर ‘आम्ही डच लोक सरळ बोलतो’ ही फोडणी. दोन ब्रेडच्या मध्ये चीजचा एक काप ठेवून त्याला जेवण म्हणणाऱ्या माणसाकडून मला काहीच शिकायचं नव्हतं.

माझ्या शेजारी हाँगकाँगची एक जण बसायची. तीन वर्षं आम्ही दोघी एकत्र जेवलो. त्या ऑफिसात माझं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. तिच्या कॅन्टोनीजमधली दोन रत्नं तिनं मला शिकवली. उघड गोष्ट उगाळत बसणाऱ्याला तिकडे म्हणतात, यानं बाहुल्याचं चित्र काढलं ते आतड्यांसकट. आणि ज्याचं प्रत्येक वाक्य कुणाला तरी लागतं त्याला म्हणतात, हा तोंड उघडलं की जीभ चावतो. माझे सूर चुकायचे, पण तुच्छता बरोबर उतरायची. मीटिंगमध्ये टीम लीड बोलायला लागला की मी त्यातलं एक पुटपुटायचे आणि ती लॅपटॉपआड हसायची.

यंदा ती महिनाभराच्या रजेवरून परतली. मी अगदी मायेनं म्हटलं, "किती वाळलीस गं. डाएट केलंस की काय? छान दिसतेयस." आपल्याकडे भेटल्याबरोबर आधी वजनच काढतात. ती "हं" म्हणाली आणि डबा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून ती टीम लीडसमोर बसून जेवू लागली.

त्या ठोंब्यासमोर! आठवडाभर मी जळफळत होते. शेवटी तिला कॉफी मशीनपाशी गाठून विचारलं, "त्याच्यासमोर काय बसतेस?"

"माझं बाळ गेलं, पाचव्या महिन्यात," ती म्हणाली. "त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, फार वाईट दिसतेस, काय झालं? मग मी सांगितलं."

तिला दिवस गेले होते हेही मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, त्याचाच.

"मला का नाही सांगितलंस?"

ती कपात साखर ढवळत राहिली.

"तुला त्याला हसायला सोबत हवी होती," ती म्हणाली. "ती मी दिली."